वीसच्या आतले राक्षस

फळ्यावर चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद रंगनाथ सरांनी ओढून काढला आणि माझे डोळेच पांढरे झाले. ठसठशीत पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वीसच्या वर जोर असलेला राक्षस चालणार नाही.'

माझ्या फ्रॉकच्या खिशात ज्वालासुर होता, जोर नव्वद. पहाडफोड्या होता, जोर पंच्याऐंशी. आणखी दोघं सत्तरच्या वरचे. परवाच अदलाबदलीत मिळवले होते. आणि त्यांच्या बदल्यात मी काय दिलं होतं? गोचीड, जोर आठ. शेवाळ्या, जोर सहा. आणि तसलेच दोन किडमिडे. आई गं! स्वतःच्या हातानं देऊन बसले होते मी!

ही शहाण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा बबलगमच्या पुड्यात राक्षसांचे पत्ते यायचे आणि नगरची सगळी पोरं त्यापायी येडी झाली होती. प्रत्येक पत्त्यावर दोन आकडे असायचे, जोर आणि कातडी. प्रत्येकानं सहा राक्षस घ्यायचे, एकेक समोर मांडायचा आणि आळीपाळीनं मारायचं. मारणाऱ्याचा जोर समोरच्याच्या कातडीतून वजा. कातडी संपली की राक्षस मेला, मग पुढचा काढायचा. पत्त्याच्या खाली बारीक अक्षरात त्याचा एक गुणही छापलेला असायचा, पण तो वाचतं कोण? नव्वद जोराचा ज्वालासुर एका फटक्यात समोरच्याला झोपवायचा. ज्याच्याकडं मोठे राक्षस तो जिंकला, संपला विषय.

आणि मोठे राक्षस कुणाकडं? सावेडीच्या बंगल्यातल्या पोरांकडं. ती खोकीच्या खोकी घ्यायची. आम्ही भिंगारची पोरं एकेक पुडा घेणार, त्यात निघणार शेवाळ्या! रंगनाथ सर सावेडीतल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दर महिन्याला सामने घ्यायचे आणि दर महिन्याला योगेश जिंकायचा. शेवटी सरच वैतागले. या वेळी एक नवा नियम असेल आणि तो सामन्याच्या दिवशीच कळेल, असं त्यांनी जाहीर केलं. जो जिंकेल तो पुण्याच्या मोठ्या सामन्याला जाणार.

मला पुण्याला जायचं होतं. किती जायचं होतं ते कसं सांगू? तेरा वर्षांची झाले तरी नगर सोडून कुठं गेले नव्हते. माळीवाडा स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली दिसली की मी पाटी वाचत उभी राहायचे. महिनाभर मी दुसरं काही बोलले नव्हते, घरातले कावले होते.

आता गंमत अशी, की तो नियमाचा फळा रंगवायचं काम आमच्याच घरी आलं होतं. माझे वडील, अण्णा, म्हणजे सूर्यभान पेंटर. गाड्यांच्या नंबरप्लेटा, दुकानांच्या पाट्या, सगळं त्यांचंच. मी तीन दिवस त्यांच्या मागं भुणभुण लावली. अण्णा, सांगा ना. अण्णा, नुसतं एक अक्षर सांगा. रुसले, जेवले नाही. पण हा माणूस ढिम्म! "सरांना शबूद दिलाय," एवढंच. फळासुद्धा दार लावून रंगवला.

मग परवा दुपारी योगेश भिंगारला आला. सावेडीहून, सायकल मारत, उन्हातान्हात. म्हणाला, "रेश्मा, तुझे चार छोटे पत्ते दे, मी माझे चार मोठे देतो." मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं याचं. त्यानं मत बदलायच्या आत मी हाताला लागले ते पाच पत्ते त्याच्या हातात कोंबले. काटेकासव तेवढं त्यानं परत दिलं, कोपरा फाटला होता म्हणून. आमच्या गल्लीतल्या बाकीच्या पोरांकडूनही तो असेच चिल्लर राक्षस गोळा करून गेला. आम्ही सगळे पोट धरून हसलो त्याला.

रात्री जेवताना मी अण्णांना ज्वालासुर दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटून पालटून बघितला आणि म्हणाले, "झ्याक हाय." मग ताटावरून उठले.

तर आता हॉलमध्ये हा गोंधळ. कुणी सरांशी भांडतंय, कुणी रडतंय. सगळ्यांच्या हातात मोठमोठी धेंडं आणि एकही चालेना. जेमतेम आठ पोरं खेळायला उरली. सरांनी सांगितलं, सहा नसतील तर असतील तेवढ्यांनी खेळा. माझ्याकडं तीन होते. योगेशकडं सहा, तेही निवडून निवडून घेतलेले. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं. मस्त आरामात पत्ते पिसत बसला होता गधडा.

पण खेळायला लागले आणि मला दुसरा धक्का बसला. मी जिंकत होते! वीसच्या आतल्या राक्षसांची गोष्टच वेगळी. एका फटक्यात कुणी मरत नाही. डाव लांबतो, आणि डाव लांबला की खाली छापलेला तो बारीक गुण कामाला येतो. सावेडीच्या पोरांनी तो कधी वाचलाच नव्हता. आम्हाला दुसरं होतंच काय? आम्ही वर्षभर तेच घोकत बसलेलो. पहिली दोन पोरं मी शेवाळ्याच्या भावंडांवर, पाच-सहा जोराच्या चिल्लरवर घरी पाठवली. शेवटच्या सामन्याला समोर योगेश.

माझे दोन गेले तोवर त्याचे चार मेले होते. मग मी ते फाटकं काटेकासव मांडलं. त्याचा गुण असा, की त्याला जो मारेल त्याचीच कातडी दहानं कमी होणार. योगेशनं माझीच गोचीड काढली. गोचिडीनं कधी मारायचं नसतं, नुसतं चिकटून बसायचं. चिकटली की समोरच्याची कातडी दर डावाला पाचनं जाते आणि काटेही टोचत नाहीत. पण या राजेसाहेबांना मारायचीच सवय! मारलं, स्वतःचे दहा गेले. परत मारलं, परत दहा गेले. गोचीड मेली. त्याच्याकडं एक राक्षस उरला आणि तोही मरतुकडा. आणखी दोन डाव, की मी पुण्याला.

तेवढ्यावर गप्प बसायचं ना! पण माझी जीभ. मेलेली गोचीड बघून माझं डोकंच फिरलं. माझी गोचीड होती ती, आणि यानं तिला कुत्र्यासारखी मारून टाकली! मी उभी राहून ओरडले, "सर, यानं लबाडी केलीय! याला नियम आधीच माहीत होता! नाहीतर सगळ्या भिंगारचे छोटे पत्ते हा का गोळा करत फिरला? विचारा याला, कुणी सांगितलं!"

सरांनी विचारलं, "योगेश, खरं आहे?"

योगेश कावराबावरा झाला. म्हणाला, "मी लबाडी नाही केली सर. पेंटरकाका आमच्या बंगल्याची पाटी लावायला आले होते. मी विचारलं, त्यांनी सांगितलं."

मी खुळ्यासारखी मागं वळून बघितलं. अण्णा दारापाशी उभे होते, हातात रंगाची पिशवी. माझा सामना बघायला काम सोडून आले होते.

"सूर्यभान?" सर म्हणाले.

"व्हय सर," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "पोरगं पानी घेऊन आलं. म्हणलं, काका, सध्या काय रंगवताय? मी सांगितलं. त्ये खेळतंय हे मला ठावं न्हवतं. तुमी म्हणला हुता, घरात सांगू नका. घरात न्हाई सांगितलं."

मागून एक बाई म्हणाली, "पोरीला नसेल होय सांगितलं? म्हणून तर तीन पत्त्यांवर इथपर्यंत आली."

"मला माहीत असतं तर मी गोचीड दिली असती का?" मी किंचाळले. आणि तसं बोलता बोलता मला परवाची रात्र आठवली. ताटावरून उठले होते अण्णा. मी ज्वालासुर नाचवत होते आणि तो चालणार नाही हे त्यांना माहीत होतं.

सर चांगला माणूस. म्हणाले, "पोरीची काही चूक नाही. रेश्मा, बस. डाव पुरा कर."

मी बसले. कासव सरळ केलं. तेवढ्यात अण्णा आत आले आणि त्यांनी माझ्या दंडाला धरून मला उठवलं.

"न्हाई सर. चूक माझ्या घरातून झाली. ती खेळनार न्हाई."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सर म्हणाले, अहो असं काय करता. योगेशसुद्धा म्हणाला, खेळू द्या काका. पण अण्णांनी ऐकलं नाही. मला तिथून अक्षरशः ओढत बाहेर आणलं आणि सायकलवर मागं बसवलं.

"मला सोडून अख्ख्या जगाला सांगितलंत!" भिंगार येईपर्यंत मी त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. "जिंकले होते मी! दोन डाव राहिले होते!" ते नुसते पायडल मारत राहिले. मला थांबवलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला. वाचनालयाबाहेर लावायला फलक हवा. 'पुण्याच्या सामन्यासाठी निवड झाल्याबद्दल योगेश याचे हार्दिक अभिनंदन.' मला वाटलं, अण्णा नाही म्हणतील. त्यांनी हो म्हणून पाठवलं. मी कपाळावर हात मारून घेतला. काय माणूस आहे का कोण!

फलक अंगणात टेकवून त्यांनी खडूनं अक्षरं आखली. एरवी आतला रंग मी भरायचे. त्यांनी सवयीनं ब्रश माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, "मरा तिकडं, मी नाही भरणार." आणि उंबऱ्यावर जाऊन बसले.

ते एकटेच भरायला लागले. 'पुण्याच्या' झालं, 'सामन्यासाठी' झालं. नावापाशी आले आणि थांबले. ब्रश टेकवला, उचलला, परत टेकवला. लाल रंगाचा ओघळ खडूच्या रेषेबाहेर गेला, तो पुसायला गेले तर आणखी पसरला. माझ्या बापाच्या हातून अक्षर बिघडताना मी जन्मात बघितलं नव्हतं. मी वर बघितलं, तर त्यांची बंडी डोळ्यांना लावलेली.

मी उठले, त्यांच्या हातातून ब्रश ओढून घेतला, "सरका तिकडं," म्हटलं, आणि योगेशचं नाव भरायला बसले.