एकोणीस वर्षांच्या सह्या

तिने दारातूनच विचारलं, "एवढंच आहे?"

देखभालीला असलेले काका खुर्चीतून उठले. "एवढंच. दोन खोल्या, मागे पडवी."

भिंतीवर करवती, रंधे, पटाश्या ओळीने टांगलेल्या होत्या. तिच्या पणजोबांच्या लाकडाच्या तीन वखारी होत्या, गावात दोन घरं होती. मुलांनी आणि नातवांनी ते सगळं विकून खाल्लं. उरलं ते हे अवजारघर, कारण ते पणजोबांनी कुणाच्याच नावावर ठेवलं नव्हतं. कुणीही यावं, वहीत सही करावी, आठ दिवसांसाठी अवजार न्यावं. तीन विश्वस्त, त्यांतला एक घरातला. घरातली आता ही एकटीच, दवाखान्यात रक्त तपासणारी.

चार वाजता बैठक होती. एक विश्वस्त कंत्राटदार, त्याला जागा विकायची होती; दुसरे डॉक्टर, त्यांना विकायची नव्हती. तिसरं मत हिचं. विकली तर तिसरा हिस्सा घराण्याला मिळणार होता, आणि घरमालकाने तिला महिनाअखेर खोली सोडायला सांगितली होती. हे तिने लपवलं नाही. म्हणाली, मी आज विकायच्या बाजूने बोलणार आहे, पण न बघता हात वर करणं बरं वाटेना, म्हणून आले.

 एकतीस वर्षं काका इथे होते. तिला सांगण्यासारखी एक गोष्ट त्यांच्यापाशी होती, आणि ती न सांगण्याचा शब्द त्यांनी एका माणसाला दिला होता. तो माणूस जाऊन सहा वर्षं झाली होती. ती पर्स सावरून निघाली तेव्हा त्यांनी कपाटातून जुनी वही काढली आणि तिच्यापुढे उघडली.

सही तिने लगेच ओळखली. प्रगतिपुस्तकावर दर वर्षी हीच असायची. पान उलटलं, पुन्हा तीच. रंधा, करवत, पटाशी.

"बाबा तर ऑफिसात होते."

काकांनी सांगितलं. तिचे वडील रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, पडवीत बदलायचे, इथली अवजारं घेऊन लोकांकडे सुतारकाम करायचे. स्वतःची घेण्याची ऐपत नव्हती. संध्याकाळी हातपाय धुऊन, तोच शर्ट चढवून घरी जायचे. मालकांचा नातू रंधा मारतो हे पोरीच्या कानावर जाऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"आईला माहीत होतं?"

"केसांतला भुसा कुठे लपतो, बाई."

 तिचा आवाज चढला. "आणि हे तुम्हाला आजच सांगावंसं वाटलं?"

"भीती वाटली म्हणून सांगितलं," काका म्हणाले. "या जागेची. माझ्या नोकरीचीही."

वही तशीच उघडी टाकून ती निघून गेली.

चार वाजले, साडेचार झाले. काकांनी पुसलेलीच अवजारं पुन्हा पुसली. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला, तो स्वतःच्या पोटासाठी की या भिंतींसाठी, हे त्यांचं त्यांनाच उमगेना. एक गवंडी ओळंबा घेऊन गेला.  साडेपाचला कंत्राटदाराची गाडी वेग कमी न करता दारावरून गेली. त्यावरून काहीच समजेना.

सहाला ती आली. चेहरा दमलेला होता.

"राहतंय," ती म्हणाली.

 खोलीचं काय, असं काकांनी चाचरत विचारलं. मैत्रिणीकडे एक कोपरा मिळतोय, ती म्हणाली. पण लोखंडी कॉट जिन्यातून अख्खी उतरत नाही, सुटी करावी लागेल.

"पाना मिळेल?"

काकांनी दोन मापांचे पाने काढून दिले, नट कुठल्या बाजूला फिरवायचा ते दाखवलं. तिने वही ओढून सही केली, तारीख घातली.

"आठ दिवस लागणार नाहीत," ती म्हणाली, आणि पाने पर्समध्ये टाकून पायऱ्या उतरली.