जंगूचा जोहार

बल्लारपुरातल्या एका प्लायवूड कारखान्याच्या कॉम्प्युटरवर नवी प्रणाली चढवली आणि ऑफिसात भूत शिरलं म्हणे. घ्या आता! अठ्ठ्याऐंशी साल, खोलीला एसी, साहेबालाही विचारल्याशिवाय आत येता येत नाही, आणि भुताला मात्र दार मोकळं.

झालं असं, की नाव आणि पासवर्ड टाकला की आपल्या आज्ञा ऐकणारा प्रोग्राम, ज्याला शेल म्हणतात, तो उघडायचा आणि तिथंच कोसळायचा. कोसळण्याआधी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एकच शब्द भराभरा उमटायचा. जोहार, जोहार, जोहार.

हा जोहार जंगू आत्रामचा. जंगू इथला ऑपरेटर, भामरागडकडचा आदिवासी; जोहार म्हणजे त्यांचा रामराम. मशीन उघडणाऱ्याला एकदा जोहार घालायची ओळ त्यानंच सुरुवातीच्या फायलीत लिहून ठेवली होती. मागं एका पावसाळ्यात गावी जाताना पर्लकोटा नदीत त्याचा डोंगा उलटला. देह काही सापडला नाही. त्यांच्यात गेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात. बायको बुधरीनं तो करू दिला नाही. बाजाराला आली की ती, तिला कुणी अडवत नसे, जंगूच्या जागी मशीन सांभाळणाऱ्या मनकर्णाबाईच्या खुर्चीमागं उभी राहून पडद्यावरचा जोहार बघायची. तो बोलते, मग मेला कसा, असा तिचा साधा हिशेब. खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही. मनकर्णाचीही नाही.

मनकर्णा बौद्ध घरातली, भूतबित मानेल तर शपथ. शिपाई नानाजी उतरवायला लिंबू घेऊन आला, तर तिनं त्याला सरबत करायला पिटाळलं. पण जोहारांची ती रांग पाहून तिच्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोला.

दुरुस्तीच्या वाटेनं आत शिरून, सुरुवातीच्या फायलीतली एकेक ओळ बंद करत ती शेल उघडून बघू लागली. जंगूची ओळ बंद केली तर शेल टिकला, चालू केली की पडला. मग उमगलं. ती ओळ जोहार घालायला आणखी एक शेल उघडायची. जुनी प्रणाली ही फाईल सुरुवातीला एकदाच वाचायची. नवी दर शेलला वाचते. म्हणजे जोहारातून शेल, शेलातून पुन्हा जोहार, दम सुटेपर्यंत. ‘एकदाच म्हण’ एवढी अट घातली की काम भागणार होतं, जोहारही राहणार होता. ती घालायला घेतली, तर मागं बुधरी उभी.

तिनं सगळं पाहिलं होतं. काय झालं म्हणून विचारलं. मनकर्णानं सांगितलं, त्याच्या हाकेतूनच पुन्हा हाक निघते, थांबायचं कुठं ते त्याला कळत नाही.

"इथी तो आहे काय बाई, का नुसतं लिवलेलं बोलून राह्यलं?"

अट घालून वेळ मारून नेता आली असती. मनकर्णाला ते जमलं नाही.

"लिवलेलं आहे, बुधरीबाई. जंगूभाऊ नदीतच गेला."

बुधरी रडली नाही. पुसून टाका म्हणाली, थकला असन तो. मनकर्णानं ओळ पुसली. शेल उघडला, गप्प, कोऱ्या पडद्यानिशी. पलीकडं कारकुनांनी हुश्श केलं.

बुधरी दारापर्यंत गेली आणि वळली.

"पोराईले मी रोज सांगतो, बाप येते म्हनून. मले तवाच काऊन नाई सांगतलं, बाई?"