चौसष्ट खोटे फोन

पैज लागली ती इस्त्रीच्या दुकानासमोर, सकाळी दहाला, आणि ती लावायला तसं काडीचंही कारण नव्हतं. दोन रिकामटेकडे एका जागी उभे राहिले, एवढंच.

त्यातला एक इस्त्रीवाला. सगळे त्याला भोंगा म्हणायचे. हा शिंकला की समोरच्या इमारतीतलं बाळ उठायचं. त्यात नकला करायचा नाद. समोरच्या डॉक्टरांच्या आवाजात त्याने एकदा खुद्द डॉक्टरांच्या कंपाउंडरला सुट्टी देऊन टाकली होती. दुसरा चावीवाला. टपरीत बसून किल्ल्या घासायचा आणि भोंग्याच्या प्रत्येक वाक्याला टाचणी लावायचा.

विषय होता तिसऱ्या मजल्यावरची ताई. ताई रेडिओत होती. दहा वर्षं तिने तिथल्या टेलिफोनच्या काउंटरवर काढली. लोक काय विचारतात ते ऐकून ऐकून ती सांगायला लागली, साहेब, हे गाणं लावा. लावलं, ते गाजलं. दुसरं गाजलं, तिसरं गाजलं. चौथ्याला साहेबाने तिला गाणी निवडायच्या खुर्चीतच बसवलं. आता दर आठवड्याला तीस गाण्यांची यादी ताई करायची. तिच्या यादीत गाणं आलं की ते बसमध्ये, सलूनमध्ये, न्हाणीघरात, सगळीकडे. नाही आलं तर गायक कितीही मोठा असो, त्याने ते आपल्या सासूला ऐकवावं. रेकॉर्ड कंपन्यांची माणसं फळांच्या टोपल्या घेऊन जिना चढायची आणि तशाच भरल्या टोपल्या घेऊन उतरायची. भोंग्याला खरं दुःख त्या टोपल्यांचं होतं.

तर त्या आठवड्यात यादीतली एक जागा रिकामी होती. रेडिओवर सांगितलं होतं, दोन गाणी गुरुवारपर्यंत वाजतील, तुम्ही फोन करा, एक राहील. एक होतं बड्या गायकाचं, ढोलबिल लावलेलं. दुसरं कुठल्याशा नव्या पोरीचं, ताईने निवडलेलं. सुरुवातीलाच तिने लांब शीळ घातली होती.

"बड्याचंच लागणार," भोंगा म्हणाला. "आणि नाही लागलं तर मी लावून घेईन."

"ताई तिच्या साहेबाला जुमानत नाही, ती तुला जुमानणार?"

"लाव पैज."

"लावली. तू हरलास तर शनिवारी चौकात टेबल मांडायचं, अंगातली पॅन्ट काढायची आणि तिलाच इस्त्री करायची. सगळ्यांसमोर."

"आणि तू हरलास तर दिवसभर तुझ्याच टपरीत कुलूपबंद. किल्ली माझ्या खिशात."

मटणवाला साक्षीला होता. त्याने दोघांचे हात एकमेकांत दिले आणि पुन्हा खिमा करायला वळला.

भोंग्याच्या अंगात वारं शिरलं. त्याने बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर चिठ्ठ्या लिहिल्या. गाण्याचं पूर्ण नाव, गायकाचं पूर्ण नाव, कंपनीचं नाव. "घोकून फोन करा, एक अक्षर चुकू देऊ नका," अशी तंबी देऊन औषधवाला, मटणवाल्याची बायको, जिन्यातल्या तिन्ही वहिन्या, सगळ्यांना वाटल्या. तुमच्या कपड्यांना महिनाभर कडक स्टार्च फुकट, असं आमिष दाखवलं. त्याने स्वतः अकरा फोन केले. एकदा रिटायर्ड हेडमास्तर, एकदा सर्दी झालेला ट्रकवाला, एकदा तर खोकणारी म्हातारी. म्हातारी इतकी झकास वठली की तिला त्याने तीनदा बोलावलं.

"अहो, खोकता ते ठीक आहे, पण पदर कशाला सावरताय?" भोंग्याच्या बायकोने विचारलं.

"त्याशिवाय आवाज लागत नाही गं."

गुरुवारी दुपारी तो निवेदकाचे शर्ट घेऊन रेडिओत गेला. खरं तर शर्ट शनिवारी द्यायचे होते, पण धीर कुणाला होता. ताईच्या खोलीचं दार उघडंच होतं. टेबलावर रेकॉर्डच्या चळती, भिंतीला टेकून रेकॉर्डची खोकी, आणि मध्ये साहेब उभा.

"बड्याला चौसष्ट फोन, शीळवालीला एकोणीस," साहेब म्हणाला. "मॅडम, गेल्या महिन्यात तुमची दोन गाणी पडली. हे तिसरं. आपलं काय ठरलं होतं?"

"यावेळी चुकले तर पुन्हा काउंटरवर."

"मग? उद्यापासून बसा."

भोंगा शर्टांचे हँगर धरून दाराच्या आतच थबकला. काउंटरचं त्याला कुणी बोललं नव्हतं. पैज पॅन्टची होती, खुर्चीची नव्हती.

ताई शांत होती. तिने एक वही पुढे ओढली. "साहेब, आकडा बघू नका, ऐका. मी प्रत्येक फोन शब्दान् शब्द उतरवलाय." आणि ती वाचायला लागली. पहिला फोन, गाण्याचं नाव, गायकाचं नाव, कंपनीचं नाव. दुसरा फोन, तेच. सातवा, तेच. चाळिसावा, तेच, त्याच क्रमाने.

"लोकांना पाठ झालंय, म्हणजे आवडलंय," साहेब म्हणाला.

"दहा वर्षं फोन उचललेत मी. ज्याला गाणं आवडतं त्याला नाव माहीतच नसतं. आता हे ऐका." तिने पान उलटलं. "एक बाई म्हणते, ते शीळवालं, कुणाचं आहे हो? एक बसचालक म्हणतो, ते वाजलं आणि माझा स्टॉप गेला, नाव सांगा, दुकानात विचारायचंय. एकाने तर फोनवर अख्खी शीळच घालून दाखवली, बेसूर. एकोणीसपैकी एकालाही नाव सांगता आलं नाही. आणि कंपनीचं नाव? साहेब, तुम्ही स्वतः कधी गाणं ऐकताना कंपनी विचारलीत?"

साहेबाने डोकं खाजवलं. "पण चौसष्ट माणसं खोटं कशाला बोलतील?"

"माणसं इतकी नाहीत. एक खोकणारी आजी तीनदा आली. तिन्ही वेळा मागे वाफेच्या इस्त्रीचा फुस्स आवाज होता." ताईने दाराकडे पाहिलंच नाही. "पण हे माझ्या कानावर आहे. कागदावर काय दाखवू?"

साहेब म्हणाला, "पुरावा नसेल तर मी आकडाच धरणार."

आता भोंगा आणि दार यांच्यामध्ये दोन पावलं होती. शर्ट टांगून सटकलं की पैज जिंकली. शनिवारी चावीवाला टपरीत कोंडला जाईल, अख्खी गल्ली हसेल, आणि ताई सकाळी काउंटरवर बसून 'हॅलो, रेडिओ' म्हणेल. हे तिसरं काही त्याच्या घशाखाली उतरेना. त्याने हँगर खुर्चीला अडकवले, खांद्यावर नसलेला पदर सावरला आणि खोकला.

"अरे बाळा, लिहून घे रे," म्हणत त्याने गाण्याचं, गायकाचं आणि कंपनीचं नाव त्याच क्रमाने घडाघडा म्हटलं.

साहेब गर्रकन वळला. खोकणाऱ्या म्हातारीच्या जागी इस्त्रीवाला बघून त्याचं तोंड उघडं राहिलं.

"ट्रकवालाही मीच," भोंगा आपल्या आवाजात म्हणाला. "हेडमास्तर पण. बाकीच्यांना चिठ्ठ्या दिल्या होत्या. ही घ्या उरलेली."

साहेबाने चिठ्ठी वाचली, वहीतलं पान वाचलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. मग तो खुर्चीवर बसला आणि इतका हसला की बाहेरून निवेदक धावत आला. "मॅडम, शीळवालं घाला यादीत," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि काउंटरचं विसरा."

"भोंग्या," ताई म्हणाली, "किती वाजता आहे ते?"

"काय?"

"पॅन्टचं. मटणवाल्याने सांगितलंय मला."

शनिवारपर्यंत ते गाणं दिवसातून आठ वेळा वाजत होतं. रेकॉर्डच्या दुकानात सकाळीच माल संपला होता. दुपारी चार वाजता चौकात टेबल मांडलं गेलं. बसथांब्यावरची रांग बस सोडून तिथेच थांबली. ताई बाल्कनीतून नाही, थेट पहिल्या ओळीत, साहेबाला सोबत घेऊन उभी. चावीवाल्याने टपरीतून स्टूल आणलं होतं, बसून बघायला.

भोंग्याने पॅन्ट काढली. आत उभ्या पट्ट्यांची गुडघ्यापर्यंतची चड्डी होती. पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "बाई गं, हिलाही लागेल इस्त्री." भोंग्याने चौकाला वाकून नमस्कार केला, पाणी शिंपडलं, घडी जुळवली आणि कडक रेघ पाडली. कामात मात्र त्याने कसर ठेवली नाही.

"झालं?" चावीवाल्याने विचारलं.

"एक पाय झालाय," भोंगा म्हणाला आणि त्याने दुसरा पाय टेबलावर पसरला.