खोडलेलं वाक्य

वेबपानं तयार करणारा कोड भाचीनं ई-बुकसाठी बेतला आणि पहिली चाचणी घेतली ती मामांनी लिहिलेल्या आठवणींवर. मामा जन्मभर मुद्रितशोधक. नको असलेलं वाक्य ते पुसत नसत, त्यावर आडवी रेघ मारत. ई-बुकमध्ये त्या रेघेसाठी कोडमधली खूण वेबपानाहून वेगळी. ती घालायला भाची साफ विसरली आणि खोडलेली वाक्यं रेघेविना उमटली. झालं! मामीनं मोठ्यानं वाचलं, “हिच्यावाचून माझं पान हलत नाही.”

मामांची पाचावर धारण बसली. “अगं, ते खोडलं होतं मी!”

“चूक माझीच. आत्ता दुरुस्त करते,” म्हणत भाचीनं लॅपटॉप उघडला.

मामीनं तो फटकन मिटला. “हात लावलास तर याद राख! आणखी काय काय खोडलंय यांनी, ते सगळं वाचायचंय मला.”