देवाजीभाऊंचं नवं सामान

आमच्या पाखरू ग्रुपची एक रीत आहे. दिवाळी झाली की पहिल्या रविवारी जुनोन्याच्या तलावावर सगळ्यांनी जमायचं. मोहाच्या झाडाखाली एक जुनी चादर अंथरायची आणि वर्षभरात ज्यानं जे नवं सामान घेतलं असेल ते तिच्यावर मांडायचं. दुर्बीण, लेन्स, टॉर्च, चिखलात चालणारे बूट, काहीही. मालकानं उभं राहून त्याचे गुण सांगायचे, बाकीच्यांनी हातात घेऊन पाहायचं, मनातल्या मनात थोडं जळायचं, आणि मग डबे उघडायचे. त्या दिवशी पाखरांकडे कोणाचंच फारसं लक्ष नसतं, पण हे कोणी कबूल करत नाही.

मी रश्मी. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात नोकरी करते. म्हणजे आठवडाभर पिकावरची पाखरं हाकलायचे उपाय शोधते आणि रविवारी त्याच पाखरांच्या मागे उन्हातान्हात फिरते. ग्रुपमध्ये सगळ्यात हौशी माणूस प्रफुल. सिमेंट कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे आणि पगाराच्या दिवशी त्याला लेन्सशिवाय दुसरं काही सुचत नाही. आणि सगळ्यात जाणते देवाजीभाऊ.

देवाजीभाऊ घुग्घुसचे. कोळशाच्या खाणीत ड्रिल मशीन चालवत निवृत्त झाले. पहिली दुर्बीण त्यांनी नोकरीत असतानाच घेतली होती, आणि शिफ्ट सुटली की मोटरसायकल घेऊन वर्धा नदीच्या काठावर जाऊन बसायचे. त्यांच्या डोळ्याला आम्ही सगळे मानत होतो. आम्ही कॅमेरे रोखून झाड धुंडाळत असायचो आणि भाऊ नुसतं बोट दाखवायचे, "तिसऱ्या फांदीवर. पानामांगं." तिथं पिंगळा बसलेला असायचाच. बोलायचे मात्र कमी. हाक मारली तर बऱ्याचदा वळायचेसुद्धा नाहीत. आम्हाला वाटायचं, मोठा माणूस आहे, स्वतःच्या तंद्रीत असतो.

एकदा मी नवा रेकॉर्डर घेतला होता. त्यावर टिपलेला दयाळाचा आवाज ऐकवायला मी हेडफोन भाऊंच्या कानावर चढवला. भाऊंनी डोळे मिटून मान डोलावली. "वा बाई. काय गोड गळा आहे." घरी जाऊन पाहते तर आवाज टिपलाच गेला नव्हता, रेकॉर्डर कोरा. मला वाटलं, माझं मन राखलं त्यांनी.

मग मागच्या हिवाळ्यात ती अस्वलाची गोष्ट झाली. जुनोन्याच्याच वाटेवर भाऊ नेहमीसारखे पुढे चालत होते. नाल्याच्या बाजूनं अस्वल वर येताना प्रफुलनं पाहिलं, सोबत पिल्लू होतं. प्रफुल जिवाच्या आकांतानं ओरडला. आम्ही सगळेच ओरडलो. भाऊ चालतच राहिले. शेवटी प्रफुल धावत गेला आणि दंडाला धरून त्यांना मागे खेचलं. गोंगाटानं म्हणा, नशिबानं म्हणा, अस्वल पिल्लाला घेऊन बांबूत शिरलं. पण प्रफुल इतका घाबरला होता की सगळ्यांसमोर भाऊंवर भडकला. "मोठेपणाची बी हद असते भाऊ! जीव गेला असता ना!"

भाऊ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.  त्यानंतरच्या रविवारी आले नाहीत. फोन केला तर त्यांच्या पत्नी आशाबाई म्हणाल्या, "त्यायचा गुडघा दुखते." मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला, गुडघा काही बरा होईना.

पुढचं सगळं मला त्यांच्या मुलीनं, संघप्रियानं सांगितलं. ती चंद्रपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. आखाडात ती सुटीवर घरी गेली तेव्हा तिला सर्दी झाली होती, म्हणून तोंडाला मास्क लावून घरात वावरत होती. चहा ठेवता ठेवता तिनं विचारलं, "बाबा, तुमच्यासाठी अद्रक टाकू का?"

"गुरुवारी," भाऊ म्हणाले.

तिला वाटलं, गंमत करतात. तिनं पुन्हा विचारलं. भाऊ म्हणाले, "हो, आला होता तो. बसून गेला." तेव्हा तिच्या हातातला चमचा थांबला. तिनं मास्क खाली केला आणि तेच, त्याच आवाजात विचारलं. भाऊ लगेच म्हणाले, "टाक ना. जराशी जास्तच टाक."

बाप आपलं तोंड वाचतो, हे तिला त्या दिवशी कळलं. किती वर्षांपासून वाचत होता कोण जाणे. खाणीत कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की साथीदाराची हाक ऐकू येत नाही म्हणून भाऊ खिशातच ठेवायचे. ड्रिलच्या त्या आवाजानं कान हळूहळू गेले, इतके हळू की गेल्याचं त्यांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी ते लपवलं.

संघप्रियानं आईला सांगितलं तर आशाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे? मी इतके वर्षं घसा फाडून राह्यली ते काऊन? गल्लीतल्या बायका म्हणते, आशाबाई लय भांडकुदळ. अवं, मी भांडत नाई, मी त्यायले जेवाले बलावतो!"

भाऊ तपासणीला तयार नव्हते. "बहिरा म्हणतीन लोक." संघप्रियानं वाद घातला नाही. खुंटीवरची त्यांची दुर्बीण काढून समोर ठेवली. "बाबा, हे तुमी डोळ्याले लावता. कोणी आंधळा म्हणलं का तुमाले? उलट सारे विचारते, कोणती कंपनी, किती दूरचं दिसते. कानाले लावलं तर काय होते?"

 दुसऱ्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले.

चंद्रपूरला हर्षा नावाची कान तपासणारी मुलगी आहे. तिनं भाऊंना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ती काचेपलीकडून आवाज सोडू लागली. भाऊ बटण दाबत गेले. अगदी बारीक आवाजालाही दाबत होते. हर्षा चक्रावली, कारण बोलताना तर या माणसाला काही ऐकू येत नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं. भाऊ तिच्या हाताकडे पाहत होते. तिचं बोट हललं की हे बटण दाबत होते.

ती आत आली आणि हसत त्यांच्यासमोर उभी राहिली. "काका, डोळे एक नंबर आहेत तुमचे. पण आज मी कान तपासतेय. खुर्ची भिंतीकडे करू."

भिंतीकडे तोंड करून बसल्यावर भाऊंनी बराच वेळ बटण दाबलंच नाही. बाहेर संघप्रिया काचेला टेकून उभी होती. नंतर ती मला म्हणाली, "बाबांची पाठ मी पयल्यांदा तशी पाह्यली. परीक्षेले बसलेल्या पोरासारखी."

कानाची मशीन आली आणि पहिले काही दिवस फार वाईट गेले. नळाचं पाणी, ताटल्या, प्लास्टिकची पिशवी, सगळं अंगावर येत होतं. घुग्घुसच्या रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक तर डोक्यातूनच जात होते. भाऊंनी मशीन डबीत घालून कपाटात ठेवून दिली. आशाबाईंनी ती परत काढून त्यांच्या हातावर ठेवली. "घाला. मले आता जोरात बोलाचं जिवावर येते."

एका सकाळी ते मशीन घालून गच्चीवर कपडे वाळत घालत होते. कुठून तरी बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. मशीन नीट बसली नसली तर शिट्टी वाजते, असं हर्षानं सांगितलं होतं. त्यांनी ती काढली, पुसली, पुन्हा बसवली. शिट्टी चालूच. त्यांनी मान वळवली तर शिट्टी एका बाजूनं येत होती. शेवग्याच्या झाडातून. तिथं चष्मेवाल्यांचा थवा आला होता. ते इवलेसे हिरवे पक्षी, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले. भाऊंनी ते हजारदा पाहिले होते. त्यांची चोच उघडते, मिटते, हेही पाहिलं होतं. पण त्यांना आवाज आहे हे ते विसरून गेले होते.

ओले कपडे बादलीतच राहिले. आशाबाई वर आल्या तेव्हा भाऊ कठड्याला धरून उभे होते.

"काय झालं?"

"हे बोलते वो," भाऊ म्हणाले. "हे सारे बोलून राह्यले."

ही सगळी हकिकत मला दिवाळीनंतरच्या त्या रविवारी ठाऊक नव्हती. भाऊ येणार एवढाच निरोप होता. आम्ही चादर अंथरली. प्रफुलनं आपली नवी लेन्स ठेवली, बाळाला ठेवावं तशी. मी माझी कॅमेऱ्याची कार्बनची तिपाई ठेवली. कोणी पाण्याची पिशवी, कोणी डोक्याला बांधायची बत्ती. तेवढ्यात भाऊंची मोटरसायकल आली. "जय भीम," म्हणत त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, प्रफुलकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि खिशातून एक छोटी गोल डबी काढून लेन्सच्या शेजारी ठेवली. मग कानामागून दोन्ही मशीन काढल्या आणि डबीच्या झाकणावर मांडल्या.

 डोंगराएवढ्या लेन्सच्या बाजूला ते दोन करडे दाणे.

"हे माझं नवं सामान," भाऊ म्हणाले. आवाज त्यांच्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठा होता. "माझे कान गेले होते. तुमाले सांगतलं नाई मी. आता हे घेतलं."

मला रेकॉर्डर आठवला, पाठोपाठ अस्वल आठवलं. प्रफुलचा चेहरा पांढरा पडला होता.  मग प्रफुल चादरीजवळ उकिडवा बसला, एक मशीन चिमटीत धरून उलटीपालटी केली आणि विचारलं, "भाऊ, बॅटरी किती चालते?"

भाऊंनी हात दाखवला. थांब. दोन्ही मशीन कानात घातल्या. "आता विचार."

"बॅटरी किती चालते?"

"दिवसभर! चार्जिंगची आहे. डबीत ठेवली का चार्ज होते."

"फोनले जुळते?"

"जुळते ना! हे पाह्य." भाऊंनी फोन काढला. "हे घरातलं सेटिंग, हे बाजारातलं. आन हे जंगलातलं, मी हर्षाबाईले सांगून मुद्दाम करून घेतलं. मांगचा गलका कमी होते, पुढचं बारीक ऐकू येते."

मग सुरू झालं. पाण्यात भिजली तर? वारा असला तर घोंघावते का? डावी-उजवी वेगळी आहे का? आम्ही भाऊंच्या भोवती कोंडाळं केलं आणि भाऊ एकेकाला उत्तर देत होते, छाती काढून, जरा वाढवूनसुद्धा. आमच्या लेन्स-तिपाया चादरीवर उन्हात पडून राहिल्या. त्या वर्षी सगळ्यात जास्त वेळ त्याच दोन दाण्यांना मिळाला.

गर्दी पांगल्यावर प्रफुल हळूच म्हणाला, "भाऊ, मागच्या वर्षी मी तुमच्यावर ओरडलो..."

"ओरडला हे माहीत आहे मले. तुझं तोंड दिसत होतं ना. तू पुढं येऊन फडाफडा बोलला ते बी समजलं. पण पयले, मांगून काय ओरडला होता?"

"अस्वल आहे, म्हणलो होतो."

"बस, एवढंच?" भाऊ म्हणाले आणि खदखदून हसले. त्यांना हसताना पाहून प्रफुलचे डोळे भरून आले, म्हणून तो लेन्स पुसायला लागला.

नंतर आम्ही काठाकाठानं चालत गेलो. इतकी वर्षं भाऊ आम्हाला दाखवायचे. त्या दिवशी ते दर दहा पावलांवर थांबत होते आणि मला विचारत होते, "बाई, हा कोण?"

"शिंपी."

"एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज? आन हा टुकटुक?"

"तांबट, भाऊ."

"हा तर मी रोज पाहतो!" प्रत्येक नावाला ते लहान पोरासारखे उजळत होते. एकदा त्यांनी एकदम हात वर केला. सगळे जागच्या जागी थिजलो. भाऊंनी ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि मोठ्या विश्वासानं माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. माझा फोन वाजत होता. आम्ही पोट धरून हसलो, भाऊ सगळ्यांत जास्त. पण परतताना पळसाच्या झुडपात काहीतरी किरकिरलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं नाही. थोडा वेळ ऐकलं, झुडपाकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, "वटवट्या." बरोबर होतं. दुर्बिणीतून पाहून मी होकार दिला तेव्हा ते पुढे निघूनही गेले होते, ताठ मानेनं.

कोणीतरी चादरीवरच्या त्या मशीनचा फोटो ग्रुपवर टाकला आणि तो फिरत फिरत घुग्घुसला पोचला. दोन दिवसांनी भाऊंच्या दारात मुखरू उभे राहिले. खाणीत एकाच शिफ्टमध्ये, एकाच ड्रिलवर दोघांनी काम केलेलं. त्यांना पाखरांचं काही नाही. ते ओरडूनच म्हणाले, "देवाजी, ते मशीन पाहाले आलो!"

भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, डबी उघडून दाखवली, सगळी सेटिंगं दाखवली. मुखरू कपाळाला आठ्या घालून पाहत होते. शेवटी भाऊंनी विचारण्याच्या भानगडीत न पडता सरळ हर्षाला फोन लावला आणि मुखरूंसाठी वेळ घेतली.

वेळ ठरली त्या दिवशी सकाळी दोघं मोटरसायकलवर चंद्रपूरला निघाले. दोघांचेही शर्ट इस्त्रीचे. भाऊ गाडी चालवता चालवता सांगत होते, बॅटरीचं कसं असतं, पावसात काय करायचं, पहिले दिवस कसे जड जातात, डबी कुठं ठेवायची. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते. मागं बसलेल्या मुखरूंना त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. भाऊ पार चंद्रपूरपर्यंत सांगत राहिले.