झाडाखालची घोंगडी

"ताई, फोन जरा सरळ धर ना. आईचं नुसतं कपाळ दिसायलंय."

मी फोन सरळ धरला. पडद्यावर आमचे बंधुराज मल्हारराव. डोक्यावर गोंड्याची लाल टोपी, अंगात हरणाच्या चित्राचा स्वेटर. चाळिशी गाठलेला माणूस! पेडगावात या अवतारात फिरला असता तर मेंढरं बुजली असती.

"आई, हा बघ बर्फ! याला म्हणतात खरी थंडी."

कॅनडात गेल्यापासून तो मायला आई म्हणतो. खरी थंडी म्हणे! इथे माय शेकोटीला चिकटून बसलेली, आणि हा शहाणा उबदार घरात काचेआडून थंडीचं कौतुक सांगणार. मग ख्रिसमसचा बाजार, दिव्यांच्या माळा, गरम चॉकलेट. चंपाषष्ठीला तळी उचलताना साहेबांना फोन घ्यायला सवड नव्हती. आता आठवडाभर मोकळे.

मायला यातलं काही नको होतं. तिला घोंगडी हवी होती. माझ्या बबिताचं लग्न माघात ठरलं होतं. आम्हा धनगरांत लग्नानंतर जागरण घालतात आणि खंडोबाला घोंगडीवर बसवतात. आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या हातची एकच घोंगडी उरली होती. माझ्या जागरणाला देव तिच्यावरच बसला होता. अण्णा गेल्यावर, लेकराला तिकडे गारठा लागेल म्हणून मायने ती मल्हारच्या बॅगेत घातली. आता त्याच्या ओळखीचं कुणीतरी परभणीला येणार होतं.

"मल्हार, बाबा, घोंगडी धाडतूस ना त्येंच्यासंगं? बबीच्या जागरणाला लागती."

"अगं आई, ती सध्या वापरात आहे! राजेश्रीची आयडिया. येणारी सगळी मंडळी फिदा आहेत तिच्यावर."

राजेश्री म्हणजे आमच्या वहिनीसाहेब. मल्हारने कॅमेरा फिरवला. दाराशेजारी सजवलेलं झाड उभं होतं. झाडाच्या बुडाशी अण्णांची काळी घोंगडी पसरलेली, आणि तिच्या कडेला घरच्यांचे बूट ओळीने ठेवलेले. बुटांवरचा बर्फ वितळून पाणी घोंगडीत मुरत होतं.

आमच्यात घोंगडीवर कुणी चप्पल घालून पाय ठेवत नाही. मल्हार याच घोंगडीत गुरफटून लहानाचा मोठा झाला. त्याला हे शिकवावं लागलं नव्हतं. विसरायला मात्र त्याने बरीच मेहनत घेतलेली दिसत होती.

"अरे, लाज..." मी तोंड उघडलं, तर मायने माझं मनगट धरलं.

"चांगलं सजिवलंय," ती म्हणाली. "राहू दे तिथंच."

"रागावलीस का? ऑनलाइन भारी घोंगड्या मिळतात. मी मागवतो एक."

"नगं रे. शेजारच्या सगुणाबाईकडची आणताव आमी."

फोन बंद झाल्यावर मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मला त्याची किळस आली होती, खोटं कशाला बोलू?

"माय, तू का बोलली न्हाईस? धुऊन घेतली असती की आपण."

"पाण्याचं काय न्हाई गं दैवशाला. पाणी वाळतंय." माय शेकोटीत काडी सारत राहिली. "बापाची घोंगडी कुठं ठिवावी, ह्येबी सांगावं लागायलंय त्येला. मग सांगून तरी काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. तिकडे नाताळची आदली रात्र; नातवंडं भेटवस्तू उघडणार, ते आजीने बघायचं, असा त्याचा निरोप आधीच आला होता. मी म्हणाले, वाजू दे. पण नातवंडांचं नाव निघाल्यावर माय कुठली ऐकतेय? मी चरफडत फोन अंगणातल्या बाजेवर उशीला टेकवला. पडद्यावर तेच झाड, खाली रंगीत खोकी, आणि नुकताच बाहेरून आलेला मल्हार बुटांसकट घोंगडीवर उभा.

"आई, जवळ ये ना! दिसत नाहीस."

अंगण दवाने ओलं होतं. माय दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. तिने पायातल्या चपला काढल्या, बाजूला सरकवल्या आणि अनवाणी पायांनी फोनपुढे जाऊन उभी राहिली.