तांबडी की काळी

"तांबडी की काळी?" बाबांनी विचारलं.

बोटीच्या केबिनमध्ये पालथं पडून, फळीखाली हात घालून ते बोट आपोआप ठरल्या दिशेने नेणाऱ्या ऑटोपायलटच्या मोटरची जोडणी करत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर आलं होतं, म्हणून रंग सांगायला लेकीला सोबत आणलं होतं. ती दारात पुस्तक घेऊन बसली होती.

"खूण केलेल्या खाचेत कुठली तार गेलीय बघ गं."

"तांबडी." तिने मान वर केली नाही.

"नक्की ना? नाहीतर एकदा चालवून बघू."

"तांबडीच आहे हो, बाबा. चला ना आता, भूक लागलीय."

"तू सांगितलंस म्हणजे झालं," म्हणत त्यांनी स्क्रू आवळला.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच बोट घेऊन गेले. दुपारी मच्छीमारांना ती खाडीच्या तोंडाशी गोल गोल फिरताना सापडली. बाबा बाकावर आडवे होते. "हृदय बंद पडलं. क्षणात संपलं असणार," डॉक्टर म्हणाले. ऑटोपायलटच्या डब्यावर लावलेली दिशा घराचीच होती.

तिसऱ्या आठवड्यात धक्क्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. कुठूनसे एक महाराज उगवले होते. ऑटोपायलट त्यांनी चालूच ठेवायला लावला होता. बोटीच्या पुढच्या टोकाचा दोर ते स्वतःच्याच हातात धरत, दुसऱ्या कुणाला शिवू देत नसत.

"बोट समुद्रात का वाहून गेली नाही? वायरमनकाकांचा आत्मा सुकाणू धरून बसला होता! बायकोला सोडून जायला जीव धजेना! याला म्हणतात परिभ्रमणयोग. विचारा तुमच्या विज्ञानवाल्यांना, दातखीळ बसेल त्यांची! बोला माई, काय विचारायचंय? चाक उजवीकडे वळलं तर हो, डावीकडे वळलं तर नाही."

आई चाकासमोर बसली. "अहो, ऐकताय ना? साखरेच्या गोळ्या घेऊ का हो?"

चाक कुरकुरत डावीकडे वळलं. गर्दीने श्वास रोखला.

त्या दिवसापासून नऊ दिवस आईने गोळीला हात लावला नाही.

"आई, उठताना भोवळ येतेय तुला."

"ते नको म्हणालेत. पस्तीस वर्षांत कधी खोटं बोलले नाहीत माझ्याशी."

रोज तासभर आई नवऱ्याशी बोलत होती. ते बोलणं तोडायचं लेकीच्या जिवावर आलं होतं.

पण दहाव्या दिवशी लेक चाकाऐवजी धक्क्याकडे बघत होती. महाराजांनी दोर सैल सोडला, प्रवाहाने बोटीचं नाक डावीकडे नेलं आणि चाकही डावीकडेच वळलं. लहानपणापासून बाबांबरोबर बोटींवर वाढलेली ती. नाक डावीकडे गेलं की ऑटोपायलटने चाक उजवीकडे वळवून बोट सरळ करायची असते. हे चाक चुकीच्याच मागे धावत होतं.

तिने जाऊन महाराजांच्या हातातला दोर काढून घेतला.

"अहो चाक, सात आणि सात वीस होतात का?" तिने दोर ओढला. नाक उजवीकडे, चाक उजवीकडे. हो!

"अगं, महाराज बाईमाणूस आहेत का, ते विचार!" मागून मच्छीमारमामा ओरडले. तिने पुन्हा ओढला. हो! धक्का खदखदून हसला. आई हसली नाही.

लेकीने केबिनमधली फळी उचलली. खूण केलेल्या खाचेत काळी तार होती. तिने दोन्ही तारा काढल्या, अदलाबदल करून बसवल्या. मामांनी दोर ओढला. नाक उजवीकडे गेलं, चाक डावीकडे.

"तारा उलट्या होत्या. त्यामुळे बोट वळली की चाक तिला आणखी वळवायचं, म्हणून ती गोल फिरत राहिली. आत्मा नाही, काही नाही. काही विचारायचं तर जरूर विचारा, पण दोर कुणाच्या हातात आहे ते आधी मान वर करून बघा."

"मग गोळ्या नको असं कोण म्हणालं?" आईने हळूच विचारलं.

"दोर म्हणाला, आई."

महाराज मात्र हार मानायला तयार नव्हते. "वा गं पोरी! निम्म्या बंदराची वायरिंग ज्यांनी केली, त्यांना दोन तारा जोडता आल्या नाहीत? मेलेल्या बापाला अडाणी ठरवतेस?"

हसू थांबलं. आई तिच्याकडे बघत होती. लेक गप्प राहिली, तर एक तर बाबा चुकलेले ठरणार होते, नाहीतर महाराज खरे.

तिने चाकावर हात ठेवला.

"त्यांना रंग दिसत नव्हते, आई. त्यांनी मला विचारलं, तांबडी की काळी." मग ती चाकाकडे वळून, जणू बाबा अजून फळीखालीच आहेत असं समजून, मोठ्याने म्हणाली,

"बाबा, मी बघितलंच नव्हतं हो."